झोपे किराणा

झोपेकाका झोपत का नाहीत,
हा गार्गीचा फैजपुरातला पहिला प्रश्न.
दुसरा, गूळ आलाय हे मुंग्यांना कोण सांगतं.

पगारानंतरचा रविवार. ऊन असं
की स्कूटरची सीट ओल्या फडक्यानं पुसून मग बसायचं.
पुढे ती उभी, दोन्ही आरशांच्या दांड्या धरून.
केळीच्या ट्रकामागे आम्ही, हळूहळू,
घडांवरची ओली पानं ठिबकतात
आणि ती जीभ बाहेर काढते.

यादी हर्षालीची,
रात्रपाळीत, दवाखान्याच्या कागदाच्या पाठीवर लिहिलेली.
दादर दहा किलो. उडदाची डाळ दोन, काळी, सालाची.
तेल, शेंगदाणे, धने, दगडफूल.
कडेला उभं, मीठ.
मग पेन बदललेलं:
तिला बिस्किटं नकोत.
नकोतखाली दोन रेघा.

दुकानात शिरलं की तिचा हात सुटतो.
हात लावू नको, असं मी म्हणेपर्यंत
कोपरापर्यंत तुरीच्या डाळीत.
मग ती थांबते. डोळे मिटते.
बाबा, आत रात्र आहे.
काका तेल मोजत असतात तेव्हा
मीही हात घालून बघतो.
असते.

बिस्किटांचं सांगत नाही.
ती फरशीवर आडवी झाली, एवढंच.
मिरच्या घेणाऱ्या बाई म्हणाल्या, हिची माय कुठे?
म्हटलं, झोपलीय.
बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग मिरच्यांकडे,
आणि एक मिरची उगाच मोडून वास घेतला.

गणपतीच्या दिवसांत हिला ताप आला होता.
अकरा दिवस जळगावला.
दुसऱ्यांच्या पोरांना रोज सुया टोचणारी हर्षाली
हिच्या सुईला भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.
घरी सोडताना कागदावर लिहिलं होतं,
वजन दहा किलो दोनशे.
दहा किलोची पोती मी दर महिन्याला उचलतो,
एका हातानं, गप्पा मारत.
त्या जिन्यावर दोन्ही हात लागले.

पुढच्या महिन्यात काकांनी काही विचारलं नाही.
दादर मोजून झाली, पोतं उतरवलं,
काट्याचा पत्रा खांद्यावरच्या पंचानं पुसला
आणि म्हणाले,
आता तिले बसव.

तेव्हापासून दर महिन्याला.
बस माय, हालू नको.
ती मांडी घालते, गाल फुगवून श्वास धरते,
हवासुद्धा वजनात धरावी म्हणून.
लाल आकडे पळतात, मागे येतात, अडखळतात.
काका चष्मा कपाळावर चढवतात
आणि बिलात लिहितात,
शेंगदाण्याखाली, दगडफुलाच्या वर,
गार्गी, तेरा किलो चारशे.
भावाच्या रकान्यात आडवी रेघ.

मागच्यापेक्षा दीडशे जास्ती, काका म्हणाले.
चपला राहिल्या पायात, मी म्हटलं.
काकांनी चपला काढून वेगळ्या मोजल्या. एकशे साठ.
मी गप्प.
मागच्या वेळेले काय अनवाणी आलती का ती?
असं म्हणून त्यांनी तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला.
यादीत गुळाबद्दल काही नव्हतं,
हो किंवा नको.

घरी हर्षाली उठून बसलेली,
गालावर उशीच्या घड्या.
पिशवी राहू दे, बिल दे आधी.
तेल कितीनं वाढलं ते तिनं बघितलं नाही.
बोट सरळ खाली आलं, शेंगदाण्याच्या खाली,
आणि तिथेच राहिलं जरा वेळ.
फ्रॉकच्या खिशातून ओंजळभर डाळ सांडली जमिनीवर,
ती कोणी विकत घेतली नव्हती.

मग म्हणाली, मीठ?

मीठ राहिलं.

गार्गी तोवर दारात, चपला उलट्या पायांत घालून.
चल ना बाबा,
काका आता झोपले असतील तर बघू.